विमान शांत झाले ते पंख्यामुळे, सायलेन्सरमुळे नव्हे

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत व्हिएतनाम युद्धातल्या ‘बिनआवाजी’ टेहळणी विमानांवर लेख आला. या विषयावर मराठीत फारसे कोणी लिहीत नाही, त्यामुळे आनंद झाला. पण लेख वाचून सर्वसाधारण वाचकाचा असा समज होईल, की ही विमाने इंजिन बंद करून शत्रूच्या डोक्यावरून तरंगत जात आणि एरवी त्यांच्या एक्झॉस्टला मोठा सायलेन्सर बसवलेला असे, एवढेच त्यांचे गुपित. यातली पहिली गोष्ट खरी नाही. दुसरी खरी आहे, पण निम्मीसुद्धा नाही. म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

आधी इंजिन बंद करण्याबद्दल. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत वैमानिक स्त्रियांची ५८८वी रात्र-बॉम्बफेकी रेजिमेंट पीओ-२ या लाकूड-कापडाच्या दुपंखी विमानांतून इंजिन मंद ठेवून लक्ष्यावर उतरत येई, हे खरे. पण ते एका झटक्याचे काम होते. यायचे, बॉम्ब टाकायचे आणि इंजिनाला जोर देऊन पळायचे. टेहळणीला तासन्‌तास वर राहावे लागते. आकडे मांडून पाहा. विमान ३०० मीटर उंचीवर आहे, वेग सेकंदाला ३६ मीटर, आणि एक मीटर खाली येताना ते १६ मीटर पुढे जाते असे धरू. म्हणजे ते सेकंदाला सव्वादोन मीटर खाली येणार. रात्री अनोळखी मुलखावर १०० मीटरच्या खाली कोणी शहाणा वैमानिक जाणार नाही. म्हणजे हाती राहतात २०० मीटर, दीड मिनिटाचा वेळ. त्यानंतर इंजिन चालू करावेच लागणार, तेही शत्रूच्या अगदी जवळ आणि चढण्यासाठी पूर्ण ताकदीने. शांतता हवी तिथेच सर्वांत मोठा आवाज! त्यामुळे इंजिन चालू असताना, सरळ पातळीत, तीन-चार तास उडत राहूनही खाली ऐकू न येणारे विमान बनवणे, हा खरा प्रश्न होता.

त्याचे उत्तर कागदावर बरेच आधी आले होते. १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या ‘नाका’ या संस्थेने (‘नासा’ची पूर्वज) लँग्ली येथे स्टिन्सन एल-५ या साध्या हलक्या विमानावर प्रयोग केला. गिअर लावून पंखा (प्रोपेलर) सावकाश फिरवला, पात्यांची संख्या पाचावर नेली, एक्झॉस्टला सायलेन्सर जोडला आणि जमिनीवर आवाज मोजला. फरक ठळक होता. पण युद्ध संपलेले, गिऱ्हाईक नाही. अहवाल कपाटात गेला.

१९६६-६७मध्ये ‘आर्पा’ या संरक्षण संशोधन संस्थेच्या पैशातून लॉकहीडच्या क्षेपणास्त्र आणि अंतराळ विभागाने कॅलिफोर्नियातील सनीव्हेल इथे काम हाती घेतले. ग्लायडर-रचनाकार स्टॅन हॉल यांचा त्यात हात होता आणि ते विमान पाहिल्यावर लक्षात येते. त्यांनी नवे विमान काढलेच नाही. श्वाईत्झर कंपनीचे एसजीएस २-३२ हे ग्लायडर घेतले, ज्याच्या पंखांचा विस्तार सतरा मीटरच्या वर आहे. वैमानिकाच्या मागे, धडाच्या मध्यभागी, १०० अश्वशक्तीचे कॉन्टिनेन्टल ओ-२०० इंजिन बसवले. तिथून एक लांब दांडा कॉकपिटच्या छतावरून पुढे नेला आणि नाकावरच्या उंच खांबावर चार पात्यांचा मोठा लाकडी पंखा लावला. दिसायला विचित्र, पण त्यात दोन फायदे होते. ग्लायडरचे पोट जमिनीला जवळजवळ टेकलेले असते. एवढा मोठा पंखा नाकावर सरळ लावला असता तर जमिनीवर आपटला असता. शिवाय पुढे लावलेल्या पंख्याला कोणी न ढवळलेली स्वच्छ हवा मिळते. पंखा मागे, पंखांच्या किंवा धडाच्या आड ठेवला तर प्रत्येक फेरीत पाते ढवळलेल्या हवेच्या पट्ट्यातून जाते आणि दर वेळी ‘थप’ असा धक्का बसतो. तो लांबवर ऐकू येतो.

हे क्यूटी-२. क्यूटी म्हणजे ‘क्वाएट थ्रस्टर’. दोन विमाने बनली. त्यांना लष्करी साहित्य जोडून ‘प्राइझ क्रू’ या नावाने १९६८च्या सुरुवातीला मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशातील सॉक ट्रांग तळावर पाठवले गेले, नेमके टेटच्या (कम्युनिस्ट फौजांच्या त्या वर्षीच्या मोठ्या) हल्ल्याच्या सुमारास. त्यांत निरीक्षक ताऱ्यांच्या उजेडावर चालणारी स्टारलाइट दुर्बीण हातात धरून बसे. तेवढ्यावरही कालव्यांमधली सांपान होड्यांची रात्रीची ये-जा दिसली. त्यावरून लष्कराने मोठ्या विमानाची मागणी केली आणि वायओ-३ए जन्मले. एकूण ११ बनली. त्यातली ९ व्हिएतनाममध्ये १९७०-७१मध्ये साधारण सव्वा वर्ष उडाली.

आता मुद्द्यावर येतो: पंखा.

एका साध्या चार आसनी विमानाचा पंखा दोन पात्यांचा, व्यास साधारण १.९ मीटर, फेरे मिनिटाला २,७००. पात्याचे टोक सेकंदाला सुमारे २७० मीटरने धावते, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ०.८ पट. वायओ-३एचा पंखा साधारण अडीच मीटर व्यासाचा आणि फेरे मिनिटाला ८००च्या आसपास. टोकाचा वेग सेकंदाला १०५ मीटर, ध्वनीच्या ०.३ पट. फरकाचे सार या दोन आकड्यांत आहे. टोक ०.८ पटीने धावत असेल तर पंख्याच्या मूळ स्वरामागोमाग त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे स्वरही जोरात निघतात. हलके विमान डोक्यावरून जाताना जी करवतीसारखी घरघर ऐकू येते ती हीच. ०.३ पटीवर हे वरचे स्वर जवळजवळ विझतात. उरतो तो फक्त मूळ स्वर आणि पात्यांवरून सरकणाऱ्या हवेची सूं-सूं.

मूळ स्वराचेही काम कानच करून टाकतो. तीन पाती, मिनिटाला ८०० फेरे, म्हणजे सेकंदाला ४० ठोके: ४० हर्ट्झ. माणसाचा कान एवढ्या खालच्या स्वराला अतिशय मंद असतो. आवाज मोजण्याच्या प्रचलित ‘ए’ भारांकनात ४० हर्ट्झच्या स्वरातून सुमारे ३५ डेसिबल वजा केले जातात. साध्या विमानाचा मूळ स्वर ९० हर्ट्झचा, तिथे वजावट सुमारे २१ डेसिबल. आणि त्याचे वरचे स्वर १८०, २७०, ३६० असे चढत कानाच्या आवडत्या पट्ट्याकडे सरकतात. म्हणजे पंखा सावकाश फिरवल्याने आवाज कमी निघतो, आणि जो निघतो तो कानाला कमी लागतो. सायलेन्सर कितीही मोठा लावा, यातले काहीही त्याच्याने होत नाही.

मग प्रत्येक विमानाला सावकाश पंखा का लावत नाहीत? कारण त्याची किंमत मोजावी लागते. शक्ती म्हणजे पीळ (टॉर्क) गुणिले फेरे. १०० अश्वशक्ती २,७०० फेऱ्यांवर द्यायची तर दांड्यावर साधारण २६५ न्यूटन-मीटर पीळ येतो. तीच शक्ती ८०० फेऱ्यांवर द्यायची तर सुमारे ८९० न्यूटन-मीटर. दांडा, बेअरिंग, पात्यांची मुळे हे सगळे त्या मानाने जाड करावे लागते. पंखा मोठा, म्हणून चाकांचे पाय लांब. वजन वाढत जाते, आणि वजन हा शांततेचा शत्रू आहे.

तो कसा, तेही पाहू. विमान सरळ उडत ठेवायला लागणारी शक्ती ही वजन, वेग आणि हवेची ओढ यांवर ठरते. १,६०० किलोचे विमान सेकंदाला ३६ मीटरने उडते आणि पंखांची उचल ही हवेच्या ओढीच्या १६ पट आहे, तर पंख्याने हवेला ३५ किलोवॉट, म्हणजे ४७ अश्वशक्ती द्यायला हवी. उचल फक्त ९ पट असेल तर हाच आकडा ८४ होतो. जितकी कमी शक्ती हवेत ओतायची तितका पंखा शांत. ग्लायडरचे लांब, अरुंद पंख घेण्याचे कारण हे आहे, तरंगत जाणे हे नव्हे. लेखात नेमके इथेच पाणी मुरते. मात्र वायओ-३एमध्ये ग्लायडरचे वजन जवळपास अडीच पट झाले आणि मूळच्या एसजीएस २-३२चे जे सुमारे ३४ पटींचे गुणोत्तर होते ते टिकणे शक्यच नव्हते. शांत विमानाच्या रचनेत प्रत्येक नवे उपकरण बसवताना हा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

पात्यांच्या संख्येवर बरीच उलटसुलट चर्चा झाली. पाती जास्त तर प्रत्येकावर भार कमी, म्हणून आवाज कमी. पण ठोके वाढतात. सहा पाती ८०० फेऱ्यांवर ८० हर्ट्झ देतात, आणि तिथे कान ४० हर्ट्झपेक्षा चांगला ऐकतो. वायओ-३एला सुरुवातीला सहा पात्यांचा, कोन न बदलणारा लाकडी पंखा होता. अशा पंख्याचे दुखणे ठरलेले असते. पात्यांचा कोन संथ उड्डाणासाठी ठेवला तर धावपट्टीवरून उठताना इंजिनाला पुरेसे फेरे घेता येत नाहीत. उठण्यासाठी ठेवला तर संथ उड्डाणात पंखा उगाच जास्त फिरतो आणि आवाज करतो. उष्ण, दमट हवेत जड विमानाचा उठाव आधीच अडखळत असतो. शेवटी कोन आपोआप बदलणारा तीन पात्यांचा पंखा बसवला गेला. पाती तरीही लाकडीच आणि रुंद. लाकूड कंपने गिळते, धातूच्या पात्यासारखे झणझणत नाही. उलट बाजूला, ते ओल धरते. एका पात्याने दुसऱ्यापेक्षा थोडे जास्त पाणी शोषले की तोल जातो आणि दर फेरीला एक धक्का सुरू होतो. पावसात पुढची धार झिजते आणि खडबडीत धार फुसफुसते. म्हणून अशा विमानाचा पंखा प्रत्येक उड्डाणानंतर बोट फिरवून तपासायचा असतो.

फेरे कमी करण्यासाठी गिअर नव्हे, पट्टा वापरला, हेही लेखातून निसटले. गिअरचे दात एकमेकांत बसताना जी शीळ निघते ती काही शे ते काही हजार हर्ट्झची, म्हणजे कान जिथे तीक्ष्ण आहे नेमकी तिथली. रबरी पट्टा ती शीळ काढत नाही, शिवाय इंजिनाचे हिसके पंख्यापर्यंत पोहोचण्याआधी थोडे मऊ करतो. पण पट्टा तापतो, ताणतो, आणि ताण सैल पडला की घसरतो. फार आवळला तर बेअरिंग ओरडू लागते. इंजिनाचे हिसके आणि पट्ट्याची स्वतःची लवचीकता यांचा ताल जुळला तर एका ठरावीक फेऱ्यांवर सगळा सांगाडा थरथरतो. त्या फेऱ्यांवर इंजिन रेंगाळू द्यायचे नाही, एवढाच उपाय.

आता सायलेन्सर. त्याचे महत्त्व नाकारत नाही, पण तो ‘मोठा’ का असतो हे सांगायला हवे होते. वायओ-३एला २१० अश्वशक्तीचे सहा सिलिंडरचे कॉन्टिनेन्टल आयओ-३६० इंजिन आहे. २,६०० फेऱ्यांवर सेकंदाला १३० स्फोट होतात, म्हणजे एक्झॉस्टचा मूळ स्वर १३० हर्ट्झ. तापलेल्या धुरात ध्वनी हवेपेक्षा वेगाने जातो. ५०० अंश सेल्सिअसला सेकंदाला साधारण ५५० मीटर. त्या स्वराची तरंगलांबी सव्वाचार मीटर होते. ती मारण्यासाठी पाव तरंगलांबीची पोकळी लागते, म्हणजे मीटरभराहून जास्त. एका पोकळीने भागत नाही, कारण संथ उड्डाणात आणि चढताना फेरे वेगळे असतात आणि स्वर सरकतो. म्हणून एकामागून एक कक्ष, मध्ये छिद्रांच्या नळ्या, आणि अखेर थंडावलेला धूर शेपटीकडे. वायओ-३एच्या धडाच्या उजव्या बाजूने ही लांब नळी मागे गेलेली स्पष्ट दिसते. कक्षांमधून जाताना धुराला अडथळा होतो, इंजिनाची ताकद थोडी खर्ची पडते. बाहेरचा पत्रा पातळ असेल तर तोच ढोलासारखा वाजतो, जाड करावा तर पुन्हा वजन. आणि सर्वांत नेहमीचा बिघाड म्हणजे जोडाला पडलेली केसाएवढी चीर. त्यातून निघणारा ‘टक-टक’ हा तीक्ष्ण आवाज बाकीची सगळी मेहनत वाया घालवतो. शिवाय तीच चीर कार्बन मोनॉक्साइड कॉकपिटकडे सोडू शकते. ही नुसती आवाजाची बाब राहत नाही.

हवा आत घेणाऱ्या तोंडाचा आवाज लोक विसरतात. इंजिन श्वास घेते तेव्हाही ठोके पडतात, त्यालाही गाळणीच्या आधी एक शांत करणारी पेटी लागते. व्हॉल्व्हची खडखड रोखायला इंजिनाचे झाकण आतून मऊ अस्तराचे हवे. पण अस्तर लावले आणि हवेची तोंडे लहान केली की इंजिन गरम होते, विशेषतः संथ वेगात. इथे सगळ्याच गोष्टी अशा एकमेकींच्या पायात पाय घालतात.

याच मालिकेतले ‘क्यू-स्टार’ हे प्रायोगिक विमान मला सर्वांत रंजक वाटते. त्यात कर्टिस-राइटचे १८५ अश्वशक्तीचे व्हान्केल इंजिन, म्हणजे पिस्टनऐवजी फिरता त्रिकोणी रोटर, बसवले होते. कंप जवळजवळ नाहीत, हा मोठा गुण. पण व्हान्केलचे धुराचे तोंड एकदम उघडते आणि धूर पिस्टन इंजिनापेक्षा गरम असतो, त्यामुळे एक्झॉस्ट जास्त कर्कश. लढाईवर गेलेल्या विमानात अखेर जुने पिस्टन इंजिनच आले. वेगवेगळे पंखे पारखायला मात्र क्यू-स्टार फार उपयोगी पडले.

पंखा आणि एक्झॉस्ट इतके शांत झाल्यावर एक नवीनच त्रास वर येतो, तो शिट्ट्यांचा. तीन मिलिमीटर जाडीची तारेची एरियल सेकंदाला ३६ मीटरच्या हवेत सुमारे २,४०० हर्ट्झची शीळ घालते. कानाला हा भाग सर्वांत चांगला ऐकू येतो. ३०० मीटर उंचीवरून येताना हवा त्यातले थोडेच शोषते. इंधनाच्या टाकीचे नीट न बसलेले झाकण, पॅनेलचा वर आलेला स्क्रू, दाराची फट, चाकाच्या झडपेची कड, सुकाणू आणि शेपटीमधली चीर: यातले काहीही वाजू शकते. यावरचा उपाय अगदी साधा होता. मोहिमेवर निघण्याआधी विमान आपल्याच तळावरून नेत, जमिनीवरची माणसे कान देऊन ऐकत, शीळ आली तर विमान उतरवून त्या जागी चिकटपट्टी लावत. एका अत्याधुनिक विमानाची अखेरची तपासणी माणसाच्या कानाने आणि टेपच्या रिळाने व्हावी, यात कमीपणा काही नाही. खाली शत्रूकडेही तोच कान होता.

उड्डाणाची पद्धत हा शांततेचा उरलेला भाग. उंची दुप्पट केली की आवाज ६ डेसिबलने उतरतो, पण त्या काळच्या रात्र-दुर्बिणीतून माणूस आणि झुडूप यांतला फरक दिसेनासा होतो. म्हणून साधारण ३०० मीटरच्या आसपास राहणे ही तडजोड होती. लक्ष्यावर थ्रॉटल हलवायचा नाही, कारण एकसारखा बारीक आवाज कान सोडून देतो, पण बदल लगेच पकडतो. वळणे रुंद आणि उथळ घ्यायची. तीव्र वळणात विमान ‘जड’ होते, जास्त शक्ती लागते आणि पंख्यात हवा तिरपी शिरते. लांबून येताना वाऱ्याची दिशा पाहायची. ध्वनी वाऱ्याविरुद्ध जाताना वर वळतो आणि जमिनीजवळ सावली पडते, म्हणून वारा लक्ष्याकडून आपल्याकडे येत असेल अशा बाजूने जवळ जायचे. थेट डोक्यावर आल्यावर याचा उपयोग नाही. निरभ्र, शांत रात्री जमिनीलगतची हवा वरच्यापेक्षा थंड होते आणि आडवा जाणारा ध्वनी खाली वाकतो. अशा रात्री दुरूनच चाहूल लागू शकते. आणखी एक गैरसमज जाता जाता: रातकिडे आणि बेडकांच्या गोंगाटात विमान ‘लपत’ असे, असे लेखात म्हटले आहे. किड्यांचा आवाज काही हजार हर्ट्झचा. उंच स्वर खालच्या स्वराला फारसा झाकत नाही. तो शिट्ट्या झाकेल, पंख्याची घुमघुम नाही.

वायओ-३एमध्ये निरीक्षक पुढे आणि वैमानिक मागे बसतो. पंख खाली असल्यामुळे नुसत्या डोळ्यांनी सरळ खाली पाहणे अवघड. त्यासाठी पोटातून बाहेर डोकावणारा रात्रदर्शी पेरिस्कोप होता. सोबत डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशझोत आणि लक्ष्य दाखवणारा लेझर. नदी-कालव्यांवर हे छान चाले. घनदाट छत्र असलेल्या जंगलावर प्रकाशच खाली पोहोचत नाही, मग यंत्र कितीही चांगले असो. अवरक्त झोताचा धोका असा, की पलीकडे अवरक्त पाहणारे साधन असेल तर अंधारात आपण स्वतःच दिवा घेऊन उभे. विमानावर शस्त्र नव्हते. दिसलेले कळवायचे आणि तोफा किंवा हेलिकॉप्टर बोलवायचे. ते येईपर्यंत होडी काठाला लागलेली असे, ही या पद्धतीची जुनी तक्रार. शत्रूच्या गोळीने एकही वायओ-३ए पडल्याची नोंद नाही. पण यावरून विमानाला अजिंक्य म्हणू नये. एक इंजिन, रात्र, ३०० मीटर उंची आणि ताणलेला पट्टा, यात अपघाताची भीती शत्रूपेक्षा जास्त होती. माझे मत विचाराल तर विमान चांगले होते आणि फार उशिरा आले. १९६८मध्ये दोन प्रायोगिक विमानांनी जे दाखवले त्याचे उत्तर १९७०मध्ये पोहोचले, तोवर अमेरिकी सैन्य परतू लागले होते.

‘स्टेल्थची (रडारपासून लपण्याच्या तंत्राची) सुरुवात’ हे लेखातले विधान तर सोडूनच द्यावे. सतरा मीटरचे धातूचे पंख रडारवर सरळ दिसतात. त्यात लपवण्याचा काही प्रयत्नच नाही. त्रिभुज प्रदेशात खाली रडार नव्हते, कान आणि रायफली होत्या. काळा रंग आणि शांत पंखा हे त्या शत्रूला दिलेले उत्तर होते. उत्तर व्हिएतनामच्या रडार-क्षेपणास्त्रांच्या जाळ्यात हे विमान पाठवणे म्हणजे वैमानिकाला मारणे. तिथे १९७२च्या डिसेंबरमध्ये विन्हजवळ टेलिफोनच्या तारांना टॅप लावायला गेलेले यंत्र वेगळे होते: ह्यूजेस ५००पी हेलिकॉप्टर, मुख्य रोटरला चारऐवजी पाच पाती, शेपटीच्या रोटरला दोनऐवजी चार, आणि फेरे कमी केलेले. तत्त्व मात्र हेच.

लेखात युद्धानंतरची गोष्ट एका ओळीत उरकली आहे, आणि तिथेच खरी मौज होती. काही वायओ-३ए लुईझियानाच्या वन्यजीव खात्याने चोरटी शिकार पकडायला वापरली, एक एफबीआयकडे गेले. पण सर्वांत मोठी सेवा झाली ती ‘नासा’मध्ये, १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून २०१५पर्यंत. हेलिकॉप्टरचा आवाज जमिनीवरून मोजला तर दोन अडचणी येतात. हेलिकॉप्टर सरकत असल्याने अंतर आणि कोन क्षणाक्षणाला बदलतात, आणि जमिनीवरून परतलेला ध्वनी मूळ ध्वनीत मिसळतो. उपाय म्हणजे मायक्रोफोन हवेतच, हेलिकॉप्टरच्या बरोबरीने, ठरलेल्या अंतरावर नेणे. पण त्यासाठी मायक्रोफोन वाहणारे विमान मोजायच्या आवाजापेक्षा कितीतरी शांत हवे. वायओ-३एच्या पंखांच्या टोकांवर आणि शेपटीवर मायक्रोफोन बसवले आणि अनेक हेलिकॉप्टर, तसेच एक्सव्ही-१५ हे टिल्ट-रोटर (रोटर वळवून हेलिकॉप्टरसारखे उठणारे) विमान, त्याच्यामागे संचलनात उडवले. उतरताना पाती आपल्याच भोवऱ्याला आपटून जी फटफट होते ती कोणत्या वेगाला, कोणत्या उतारावर सुरू होते, हे असे नेमके मिळाले. १९९५मध्ये एसआर-७१ या अतिवेगवान टेहळणी विमानाच्या ध्वनिस्फोटाची नोंद घेण्यासाठीही हेच विमान वर होते. ध्वनीच्या वेगापुढे धावणाऱ्या विमानाला हे मोजणार, तेही ताशी दोनशे किलोमीटर सहज न गाठणाऱ्या यंत्रातून!

दोन दुरुस्त्या कृपया छापाव्यात. पान दोनवर वायओ-३ए म्हणून दिलेले छायाचित्र ओ-१ बर्ड डॉगचे आहे. बर्ड डॉगचे पंख छतावर, खाली आधाराच्या तिरप्या दांड्या, चाके कायम बाहेर. वायओ-३एचे पंख खाली आणि फार लांब, चाके आत घेता येतात, आणि दोघांवर मिळून एकच फुगीर पारदर्शक छत.

दुसरी लेखाच्या शेवटच्या परिच्छेदाबद्दल. बॅटरीवर चालते म्हणून ड्रोन ‘मूळचाच शांत’ असे म्हटले आहे. बॅटरीने एक्झॉस्ट जातो, पंखा राहतो. हातभर लांबीच्या ड्रोनचा २५ सेंटिमीटरचा दोन पात्यांचा पंखा ६,००० फेऱ्यांवर २०० हर्ट्झचे ठोके देतो. चार पंखे किंचित वेगवेगळ्या वेगांनी फिरतात, म्हणून त्यांचे स्वर एकमेकांवर आदळून हेलकावतात, आणि हेलकावणारा स्वर कान लगेच उचलतो. टोकाचा वेग वायओ-३एपेक्षा कमी असूनही तो ड्रोन शंभर मीटरवरून ऐकू येतो, याचे कारण हे आहे. ड्रोन शांत करायचा असेल तर पंखे मोठे आणि सावकाश करावे लागतील, सांगाडा त्या मानाने वाढवावा लागेल, आणि वजनाचा तोच हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागेल.

आपला,
विमान-ध्वनी मोजमापाच्या क्षेत्रातील एक वाचक